आईनं माफ केलं नव्हतं

ट्रे आमच्या बाकाशी आला तेव्हा आईनं हात पुढे केला होता.

पेले अंगठ्याएवढे. त्यात काळपट लाल रस. महिन्याच्या पहिल्या रविवारी आमच्या चर्चमध्ये प्रभुभोजन असायचं. आधी भाकरीचा तुकडा, मग हा ट्रे. तो घेऊन दाविद मास्तर बाकाबाकाशी फिरायचे. अमरावतीच्या आमच्या मिशन कंपाउंडातल्या शाळेचे ते हेडमास्तर, आणि मंडळीचे, म्हणजे चर्चच्या सभासदांचे, मुख्य पंच. कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, बारा महिने तोच.

त्यांनी ट्रे आईसमोर आणलाच नाही. वर उचलला, तिच्या डोक्यावरून नेला आणि पलीकडे बसलेल्या बाईपुढे धरला. आईचा हात तसाच हवेत.

"तुम्ही नाही, मार्थाबाई."

हळूच म्हणाले. पण दगडी चर्च, उंच छत. तिथं हळू बोललेलं जास्तच ऐकू जातं. पुढच्या बाकांवरच्या चार-पाच माना वळल्या. आईनं हात मागे घेतला आणि पदराखाली ठेवला. मी तेव्हा चौथीत होते. मला वाटलं, रस संपला असेल. मी वाकून ट्रेमध्ये पाहिलं. पेले भरलेले होते.

उपासना संपताना पाळकसाहेबांनी जाहीर केलं की मार्थाबाई आजपासून शिस्तीखाली आहेत.

आमच्या मंडळीत हा एक प्रकार होता. ज्याच्या हातून पाप घडलं असं पंचांना वाटेल, त्याचं प्रभुभोजन बंद. त्यानं मागच्या बाकावर बसायचं. गाणी म्हणायची, उपदेश ऐकायचा, पण भाकर नाही, पेला नाही. मग एखाद्या रविवारी सगळ्यांसमोर उभं राहून पाप कबूल करायचं, माफी मागायची, की पंच त्याला पुन्हा आत घेणार. दारूपायी कितीदा तरी बाहेर गेलेले आणि तितक्याच वेळा आत आलेले एक काका होते. ते माफी मागण्यात तरबेज झाले होते. आवाज कुठं चढवायचा, कुठं कापरा करायचा, त्यांना सगळं जमायचं. मंडळी दर वेळी रडायची. काका दर वेळी आत यायचे आणि संध्याकाळी पुन्हा गुत्त्यावर दिसायचे.

आईचं पाप वेगळं होतं. तिचा भाऊ मेला होता.

सदाशिवमामा वलगावला राहायचा. आईचं माहेर बौद्ध. छप्पन साली सगळी वस्ती बौद्ध झाली, तसे तेही झाले. माझे वडील ख्रिस्ती, मिशनच्या दवाखान्यात वॉर्डबॉय. लग्न झालं, आईचा बाप्तिस्मा झाला, मंजुळेची मार्था झाली. मामा मात्र शेवटपर्यंत तिला मंजुळाच म्हणायचा. माझे वडील गेले तेव्हा आईला दवाखान्यात आयाचं काम मिळेपर्यंत मामानंच आम्हाला ज्वारी पोचवली. तो मामा गेला. आई वलगावला गेली. विहारात बायका बसल्या होत्या, त्यांच्यात बसली. वंदना सुरू झाली, सगळ्यांनी हात जोडले, तिनंही जोडले. समोर बुद्धाची मूर्ती, शेजारी बाबासाहेबांचा फोटो, खाली हार घातलेला मामाचा फोटो. कंपाउंडातलं कोणीतरी त्या दिवशी वलगावला होतं. त्यानं येऊन सांगितलं.

मग त्या रविवारच्या आधीच पंच आमच्या खोलीवर आले. शेजारून खुर्च्या आणल्या. चहा नको म्हणाले. बोलले फक्त मास्तर.

"मूर्तीपुढे हात जोडले की नाही, एवढंच सांगा."

"भावापुढं जोडले," आई म्हणाली.

"मूर्ती समोर होती की नाही?"

"होती. भाऊबी होता."

"मग रविवारी उभ्या राहा. दोन वाक्यं बोला, चुकले म्हणा. प्रभू दयाळू आहे."

आई दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. मला वाटलं, ती हो म्हणणार. मलाही तेच हवं होतं, कारण शाळेत माझी गाठ याच मास्तरांशी होती.

"भावाच्या मयतीले गेल्याची माफी मागू?" ती म्हणाली. "मंग उद्या त्याची बहीण होती याचीबी माफी मागा लागन."

मास्तर उठले. त्यांचा चेहरा रागावलेला नव्हता. हे मला अजून आठवतं आणि अजून खटकतं. ते दुःखी दिसत होते. आम्हाला बाहेर काढताना त्यांना वाईट वाटत होतं, आणि त्या वाईट वाटण्याचंही पुण्य त्यांच्याच पदरात पडत होतं.

आता मजा ऐका. ट्रेमधला तो रस आईच करायची. बाजारातून काळे मनुके आणायचे, रात्रभर भिजवायचे, उकळायचे, कुस्करायचे, फडक्यातून गाळायचे. वडील होते तेव्हापासून हे काम आमच्याकडे होतं. पेले धुवायचं कामही आमच्याकडे. मला वाटलं, आता ते काढून घेतील. नाही काढलं. शनिवारी मनुके आले. आईचे हात मनुके कुस्करायला चालत होते, पेले विसळायला चालत होते. पेला घ्यायला चालत नव्हते.

एका शनिवारी मी तिला म्हटलं, "माय, इथंच पी ना. कोन पाह्यते?"

तिनं माझ्याकडे असं पाहिलं की मी चूल सोडून बाहेर पळाले. मागून तिचा आवाज आला.

"चोरून पिऊ काय वं? माह्या वाट्याचं हाय ते. सगळ्याइले देते तसं मलेबी समोरून पायजे."

माझ्या आजोबांना, वडिलांच्या वडिलांना, गावात चहा मिळायचा तो वेगळ्या कपातून. कप भिंतीच्या कोनाड्यात. स्वतः काढायचा, वरून चहा ओतून घ्यायचा, पिऊन झाला की विसळून परत ठेवायचा. तो कप नको म्हणून आजोबा ख्रिस्ती झाले. इथं सगळे एका पंगतीला बसतात, असं त्यांना कोणीतरी सांगितलं होतं. दाविद मास्तरांचे आजोबाही तसल्याच कपातून प्यायले असणार, कारण दोघं एकाच गावचे, एकाच वस्तीचे. पण मास्तरांच्या घरात ती गोष्ट निघत नसे. भिंतीवर कोट घातलेल्या आजोबांचा फोटो होता. ख्रिस्ती होऊन तीन पिढ्या झाल्या होत्या आणि मामासारखी माणसं त्यांना आता 'बाहेरची' वाटत होती.

आई मागच्या बाकावर बसत राहिली. मी तिच्याजवळ. शाळेत मुली म्हणायच्या, तुझी आई शिस्तीत आहे. एक जण म्हणाली, तुझ्या आईच्या हाताला विटाळ आहे का? ती माझ्याच जातीतली, माझ्याच धर्मातली. तो शब्द तिनं कुठून आणला होता? घरातूनच आणला असणार. मी तिच्या वेणीला धरून तिला खाली पाडलं. मास्तरांनी मला ऑफिसात बोलावलं, माझ्या हातावर छडी मारली आणि म्हणाले, "क्षमा करायला शिक. प्रभूनं केली." छडी आणि क्षमा मला एकदमच मिळाली. तेव्हापासून क्षमा हा शब्द ऐकला की मी आधी बोलणाऱ्याच्या हाताकडे पाहते.

मी मोठी झाले. एसटीत कंडक्टर झाले. संशय घेणं हाच माझा धंदा झाला. गाडी भरली की माणसं काय काय करतात ते मला ठाऊक आहे. तिकीट काढायचं नसलं की झोपतात. अशी झोपतात, की खरा झोपलेला माणूसही इतका गाढ झोपत नाही. मान टाकतात, तोंड उघडं ठेवतात. मी खांद्याला हात लावते आणि म्हणते, "उठा काका, बडनेरा गेलं." डोळे लगेच उघडतात. रडणारी माणसंही पाहिलीत. खरी रडणारी आणि तिकिटासाठी रडणारी. फरक दर वेळी कळतोच असं नाही. पण मी विचारल्याशिवाय पुढे जात नाही.

आणि मग मास्तरांना कृपा सापडली.

त्यांचा मुलगा पुण्याला नोकरीला. त्यानं तिकडच्या एका हिंदू मुलीशी लग्न केलं. होम, सप्तपदी, मंगळसूत्र, सगळं. मास्तर आणि त्यांची बायको लग्नाला गेले. भटजी मंत्र म्हणत होते तेव्हा मास्तर हात जोडून उभे होते, तसा फोटोच कंपाउंडात फिरला. आता नियमानं काय व्हायला हवं होतं? मी वाट पाहिली. आई वाट पाहत नव्हती. तिला माणसं माझ्यापेक्षा जास्त कळायची.

झालं असं की पंचमंडळानं शिस्तच रद्द केली. पुढच्या रविवारी मास्तरांनी उपदेश केला. विषय होता कृपा. न्याय करू नका, दगड मारू नका, दार उघडं ठेवा. फार सुंदर बोलले. खरंच सुंदर बोलले, मी खोटं का सांगू. बायका रडल्या. शेवटी त्यांनी मागच्या बाकाकडे हात केला आणि म्हणाले, "मार्थाबाई, पुढे या. सगळं माफ."

आई उठली नाही.

घरी येताना मी तिला विचारलं, "काहून नाही गेली?"

"कशाचं माफ?" ती म्हणाली. "मी केलं काय होतं?"

मग चालता चालता म्हणाली, "त्याईनं सगळ्याइसमोर नाही म्हनलं होतं. आता सगळ्याइसमोर म्हनावं, का ते नाही म्हननं चुकलं. मी उठते. धावत जाते."

तिची मागणी एवढीच होती. मास्तरांचं काही वाईट व्हावं, त्यांनाही मागे बसवावं, असं ती कधी बोलली नाही. माझ्या मनात मात्र ते होतं. एक वाक्य हवं होतं तिला, आणि ते वाक्य सोडून मास्तर बाकी सगळं द्यायला तयार होते. ख्रिसमसला केक पाठवायचे. रस्त्यात दिसली की थांबून तब्येत विचारायचे. कंपाउंडातले लोक म्हणायचे, मास्तर किती नम्र झाले बघा, आणि ही बाई अजून फुगून बसली आहे. म्हणजे आता पुन्हा दोष आईचाच. आधी मूर्तिपूजक होती, आता क्षमा न करणारी झाली.

आई शेवटची आजारी पडली तेव्हा सरकारी दवाखान्यात होती. मी रजा काढून उशाशी बसले होते. मास्तर आले. काठी टेकत, सोबत बायको, हातात संत्र्यांची पिशवी. त्यांनी डोळे मिटून प्रार्थना केली. लांबलचक केली. शेजारच्या खाटेवरच्या बाईनंही हात जोडले. मग ते आईच्या तोंडाशी वाकले.

"मार्थाबाई, माझ्याकडून काही कमीजास्त झालं असेल तर माफ केलं ना?"

काही कमीजास्त. लग्नात वऱ्हाडाला जेवू घातल्यावर मुलीचा बाप म्हणतो ना, तसं.

आईनं डोळे उघडले. "काहून मास्तर, काय झालतं तुमच्याकून?"

मास्तरांच्या बायकोनं दुसरीकडे पाहिलं. मी मास्तरांच्या तोंडाकडे पाहत होते. एक शब्द निघाला असता तर मी तिथंच त्यांच्या पाया पडले असते, इतकं मला तो शब्द आईला मिळावा असं वाटत होतं.

"जिथं नाही म्हनलं तिथंच सांगा," आई म्हणाली. दम लागत होता तिला. "सगळ्याइसमोर. चुकलं म्हना. मंग पाहीन."

"पंचमंडळापुढे विषय ठेवतो," मास्तर म्हणाले.

त्याच आठवड्यात आई गेली. विषय ठेवला गेला की नाही, मला कोणी कळवलं नाही. दफनाच्या वेळी मास्तर म्हणाले, मार्थाबाई शांतीनं गेल्या. मी मूठभर माती टाकत होते. त्या क्षणी मला फक्त माती दिसत होती.

हे झालं त्याला बरीच वर्षं झाली. मी चर्चला सणावारी जाते. प्रभूवर माझा राग नाही. त्याच्या नावानं वाढपी झालेल्यांवर आहे.

यंदा हिवाळ्यात माझी ड्यूटी अमरावती–अकोला गाडीवर होती. मूर्तिजापूर सुटलं होतं. तिकिटं काढत मी मागे सरकत होते. दोन बायका बसल्या होत्या, मांडीवर बायबलच्या पिशव्या. मी ओळखते आमची माणसं. त्यांचं बोलणं चालू होतं. प्रभूनं आपल्याला कसं बदललं ते सभेत उभं राहून सांगायचं, त्याला आमच्यात साक्ष म्हणतात.

"काय साक्ष होती, बाई! माहे तं डोळेच थांबेनात."

"कोनाची?"

"अवो, त्या अमरावतीच्या मास्तराची. ती विधवा बाई नाही का, मूर्तिपूजेत पडलेली. त्याईनं तिचं प्रभुभोजन बंद केलतं. मंग मरताना म्हणे तिनं त्याईचा हात धरला अन् म्हनली, मास्तर, मी तुमाले माफ केलं, तुमीबी मले माफ करा."

माझ्या हातात तिकिटाचं मशीन होतं. गाडी खड्ड्यात आदळली, मी वरचा दांडा धरला.

"मंग?" मी विचारलं.

बाईला वाटलं, कंडक्टरलाही गोडी लागली. ती खुशीनं वळली. "मंग काय, शांतीनं गेली बिचारी. मास्तर म्हनते, तिच्या त्या शब्दानं मी नवा मानूस झालो. मूर्तिजापूरले सांगतलं, दर्यापूरले सांगतलं, आता अकोल्याच्या संजीवन सभेत सांगून राहिले. तुमीबी या ना बाई, उद्या शेवटचा दिवस हाय."

मी तिला तिकीट दिलं. पुढच्या सीटवर गेले. मला समोरचं काही दिसत नव्हतं. तुमीबी मले माफ करा. माझी आई. जिनं एवढी वर्षं मागचं बाक सोडलं नाही ते हेच चार शब्द बोलायचे नव्हते म्हणून. ते ह्यांनी तिच्या मेलेल्या तोंडात घातले आणि गावोगाव फिरवले. तिचा पेला घेतला तो घेतला. आता तिचा नकारही घेतला. तो तर तिचा एकटीचा होता, त्यावर मंडळीचा काही हक्क नव्हता.

दुसऱ्या दिवशी माझी सुट्टी नव्हती. मी घेतली.

अकोल्याला मैदानात मांडव होता. पुढे स्टेज, हार्मोनियम, ढोलक, मोठे स्पीकर. मी मध्यावर बसले. मास्तर आता फार म्हातारे झालेत. दोघांनी धरून त्यांना माईकपाशी आणलं. सगळी साक्ष मी ऐकली. शब्द न शब्द. आईचं नाव त्यांनी घेतलं नाही. 'एक गरीब बहीण' म्हणाले. भाऊ मेला होता हे सांगितलं नाही. 'मूर्तीपुढे वाकली' असं सांगितलं. ती वाकलीसुद्धा नव्हती. मग दवाखाना आला, संत्री आली, प्रार्थना आली. आणि मग ते वाक्य आलं. मांडव हुंदक्यांनी भरला.

मास्तर रडत होते. खरं होतं का ते रडणं? मी नीट पाहिलं. खरंही असेल. इतक्यांदा सांगून त्यांना स्वतःलाच ते घडलेलं वाटत असेल. पण खरं रडूनही माणूस तिकीट चुकवू शकतो.

आमच्या सभांमध्ये एक पद्धत आहे. मुख्य साक्ष झाली की सभा चालवणारे पाळक विचारतात, आणखी कोणाला प्रभूनं काय केलं ते सांगायचं आहे का? कोणीही उठू शकतं. पाळकांनी विचारलं. मी उठले.

"मी त्या बाईची मुलगी आहे," मी म्हणाले.

मांडवात एकदम 'स्तुती असो' उठलं. पाळकांचा चेहरा उजळला. मला हात धरून पुढे आणलं गेलं. माझ्यापुढे माईक आला. त्यांना वाटलं, देवानंच पाठवली.

"माझ्या आईचं नाव मार्था," मी म्हणाले. "ती मूर्तिपूजेत पडली नव्हती. ती सख्ख्या भावाच्या मयतीला गेली होती. आणि मरताना तिनं मास्तरांना माफ केलं नाही. मी तिथं होते."

पाळकांनी माईक काढून घेतला. ढोलकवाल्याकडे नुसतं पाहिलं, की गाणं सुरू. हीदेखील पद्धतच आहे. नको ते कोणी बोलायला लागलं की मंडळी गाते. सगळे उभे राहून टाळ्या वाजवून गायला लागले. मी जागची हलले नाही. गाण्याला कडवी असतात, ती कधी तरी संपतात. सगळी कडवी झाली, धृपद पुन्हा झालं, तेही संपलं. लोक बसले. मी उभीच होते.

मला माईक लागत नाही. भरलेल्या गाडीत मागच्या सीटपर्यंत आवाज पोचवायची सवय आहे मला.

"ती म्हणाली होती, जिथं नाही म्हटलं तिथंच सगळ्यांसमोर चुकलं म्हणा, मग पाहीन. मास्तर, म्हणाली होती की नाही?"

सगळे मास्तरांकडे पाहायला लागले. मास्तर खुर्चीतून उठले. काठी टाकली. माझ्याकडे आले आणि काही कळायच्या आत माझ्या पायांवर पडले. ऐंशीच्या घरातला माणूस. मांडव पुन्हा फुटला. बायका मोठ्यानं रडू लागल्या. कोणीतरी माझा उजवा हात धरला आणि मास्तरांच्या डोक्यावर ठेवायला लागलं. हात खाली जात होता. एवढी माणसं, एवढं रडणं, पायांशी म्हातारा. हात ठेवला असता की झालं असतं. मी चांगली ठरले असते. आई पुन्हा एकदा 'एक गरीब बहीण' झाली असती आणि पुढच्या गावी साक्षीत मीही आले असते.

मी हात हिसडून सोडवला.

"उठा मास्तर," मी म्हणाले. "पाय धरू नका. मी विचारलं त्याचं उत्तर द्या."

मी त्यांना खांद्याला धरून उभं केलं. त्यांचं तोंड माझ्या कानाशी होतं. जन्मभर शुद्ध बोलणारा माणूस. पुटपुटला.

"म्हनलं होतं त्याईनं."

"माईकवर सांगा."

त्यांनी माईककडे पाहिलं. माईक हातभर अंतरावर होता. मग पाळकांकडे पाहिलं. पाळकांनी आशीर्वादासाठी हात वर केला आणि सगळ्यांनी डोळे मिटले. सभा संपली. मिटलेल्या डोळ्यांच्या एवढ्या माणसांत आम्ही दोघंच एकमेकांकडे बघत होतो. मास्तरांनी मान खाली घातली.

बाहेर ती गाडीतली बाई भेटली. तिनं मला ओळखलं. म्हणाली, "बाई, लय कठीन मन केलं तुमी. म्हातारा मानूस. प्रभूनं तं खिळे ठोकणाऱ्याइलेबी माफ केलं."

"हो," मी म्हटलं. "त्यानं केलं. त्याले खिळे ठोकले होते, म्हनून त्यानं केलं. ठोकणाऱ्याइनं नाही सांगतलं गावोगाव, का आमाले माफ झालं."

तिला पटलं की नाही, ठाऊक नाही. पिशवी छातीशी धरून निघून गेली.

नंतर पाळकांचा निरोप आला. मी मनातला कडवटपणा काढावा, म्हणजे मला शांती मिळेल. मास्तरांच्या मुलाचा पुण्याहून फोन आला. बाबांचे शेवटचे दिवस आहेत, सोडून द्या, म्हणाला. मी त्याला विचारलं, काय सोडून देऊ? त्यानं पुन्हा बाबांच्या तब्येतीचंच सांगितलं. कृपा फुकट असते हे मलाही शिकवलं आहे. पण ती देणाऱ्याकडून मिळते. देणारी मेली, आता आपणच उचलून घेऊ, याला मी दुसरं नाव ठेवते.

आता ऐकते आहे की वरूडला सभा आहे. संत्र्याच्या पॅकिंगचं शेड रिकामं झालं की तिथं मांडव पडणार. मास्तरांचं नाव आहे. तब्येत बरी नसली तर त्यांच्या साक्षीचं रेकॉर्डिंग लावणार म्हणतात. मी जाणार आहे. मास्तरांनी उभं राहून एकदा, माझ्या आईचं नाव घेऊन, खरं काय झालं ते सांगितलं तर मी खाली बसून ऐकेन, आणि माझ्यापुरतं त्यांना माफ करायचं की नाही ते मग ठरवीन. मी नाही म्हणेन असं नाही. पण आईच्या वतीनं हो म्हणायचा अधिकार मला नाही, पाळकाला नाही, मंडळीला नाही. रेकॉर्डिंग लावलं तर मी रेकॉर्डिंगसमोर उभी राहीन. मास्तर गेले आणि त्यांची साक्ष दुसऱ्या कोणी सांगितली तर त्याच्यासमोर उभी राहीन. गाणं लावलं तर गाणं संपेपर्यंत उभी राहीन. तिनं न बोललेला शब्द मी तिच्या तोंडात राहू देणार नाही.